वहिनींचा डबा आणि आंब्याच्या वासाची बिअर

आमच्या घरात बिअर हा शब्द मोठ्यानं उच्चारला जात नाही. बंदी अशी कुणी घातलेली नाही. पण बाहेरच्या खोलीत माझ्या थोरल्या भावाचा फोटो लावलेला आहे, आणि त्या फोटोसमोर दारूचा विषय निघाला की कुणीतरी उठून पंख्याचा वेग वाढवतं, कुणी टीव्हीचा आवाज. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा फोटो असेल. तेव्हा रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात असताना, बिअर कशात ओतावी, तिची चव कशी घ्यावी आणि तिच्याबरोबर काय खावं यावर पानभर मजकूर वाचावा लागणार म्हणून कुणाच्या कपाळाला आठी पडली, तर ती आठी मला समजते. गेली दोन वर्षं मीही ती बाळगून होतो.

झालं असं, की त्याच भावाचा मुलगा, माझा सख्खा पुतण्या, बिअर तयार करतो. पितो असं नव्हे, तयार करतो. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाला, औषधांच्या एका कंपनीत चार वर्षं काढली आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाला, ‘‘मी ब्रुअर व्हायचं ठरवलंय.’’ वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी तव्यावरची पोळी उलटली, ती करपेपर्यंत तशीच ठेवली आणि मग एवढंच विचारलं, ‘‘म्हणजे दारू गाळणार?’’

मुलगा आता अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रस्त्याच्या बाजूला एका जागी कामाला आहे. जागेचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्या मालकांबद्दल थोडं लिहायचं आहे. आम्ही राहतो अंधेरी पूर्वेला, जुन्या नागरदास रस्त्यावर. मध्ये रेल्वेचे रूळ आणि मेट्रोचं एक स्टेशन एवढंच अंतर. पण दोन वर्षांत वहिनी एकदाही रूळ ओलांडून तिकडे गेल्या नाहीत.

अंधेरीच्या जुन्या रहिवाशांना तो भाग गाळ्यांचा म्हणून ठाऊक आहे. लेथ मशिनं, छापखाने, प्लॅस्टिकचे साचे, रेडिमेड कपडे. कामगार संध्याकाळी हात पुसत बाहेर पडत आणि आझादनगरच्या टपऱ्यांवर चहा पीत. मग एकेक गाळा रिकामा झाला. काहींत सिनेमा-मालिकांची ऑफिसं आली आणि काहींत, कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल, अशी बिअरची दुकानं आली. पुण्यात २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या दोघांनी ऑलिव्हर शाऊफ या जर्मन ब्रूमास्टरला हाताशी धरून ‘डूलाली’ नावाची छोटी ब्रुअरी काढली होती. २०१५ च्या सुमारास तिची टॅपरूम दालिया इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात सुरू झाली. पुण्याचीच इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनीही नंतर अंधेरीत आली. कारखान्यातली बाटलीबंद बिअर सोडून नळातून ताजी बिअर पिण्याची चाल इथे पडली ती अशी.

त्या ‘डूलाली’ शब्दाची गंमत मला पुतण्यानं सांगितली आणि माझ्या कपाळावरची आठी पहिल्यांदा थोडी सैल झाली. डूलाली म्हणजे आपली नाशकाजवळची देवळाली! इंग्रजांनी १८६१ मध्ये तिथे लष्कराची छावणी वसवली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे येऊन मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत बसत. बोटी सुटायच्या हिवाळ्यात. उन्हाळ्यात मोकळा झालेला शिपाई काम नाही, धंदा नाही अशा अवस्थेत महिनोन् महिने तिथे पडून राहायचा आणि त्याचं डोकं फिरायचं. त्याला त्यांनी नाव दिलं ‘डूलाली टॅप’. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला साधा ताप. देवळालीचा ताप! तोच शब्द शंभर-सव्वाशे वर्षांनी नळाच्या बिअरवाल्या दुकानावर येऊन बसला. नाशिक जिल्ह्यातल्या माणसांनी यावर रॉयल्टी मागायला हरकत नाही.

गेल्या हिवाळ्यात पुतण्यानं एक नवी बिअर केली. तिचं पूर्ण नाव ‘हेझी डबल आय.पी.ए.’. हेझी म्हणजे गढूळ, धुरकट. डबल म्हणजे सगळंच दुप्पट घातलेली. आणि आय.पी.ए. म्हणजे इंडिया पेल एल, आपल्या देशाचं नाव लावून हिंडणारी बिअर. नव्या बिअरबरोबर काय खायला द्यायचं हे ठरवायचं होतं. मालकांच्या डोक्यात बर्गर आणि तळलेल्या बटाट्याच्या काड्या होत्या. पुतण्याच्या डोक्यात आईचा डबा होता. सोमवारी सकाळी दुकान बंद असतं, तेव्हा डबा घेऊन ये काका, आपण बसून चव बघू, असं तो म्हणाला. मी बिचकलो. मला वाटलं, वहिनींना हे सांगायचं कुणी?

सांगितलं त्यानंच. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘करते. त्याचे बाबा उपाशीपोटी प्यायचे. निदान लोकांच्या पोटात काही जाईल.’’

रविवारी रात्रीपासून घरात वासांची गर्दी झाली. कोथिंबीर वडी, रव्यात घोळवून तळलेले बोंबील, कोळंबीचं सुकं, थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा, हिरव्या मिरचीचा ठेचा, सोलकढी, शेवटी गाजर हलवा. पाच ताळांचा डबा आणि वर दोन बरण्या माझ्या हाती देताना वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, चव बघायला तुम्ही जाताय. मोजायला कोण जातंय?’’

हा टोमणा होता आणि तो बरोबर जागी लागला. ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकात भावाला गुत्त्यातून, पुढे देशी दारूच्या बारमधून घरी आणायचं काम माझ्याकडे असे. मी त्याला आणत असे आणि दारात वहिनींना सांगत असे, ‘‘ओव्हरटाइम होता, दमलाय.’’ ‘‘किती घेतली?’’ असं त्या विचारत. ‘‘एखादा घोट,’’ असं मी म्हणत असे. कारखाना बंद पडला तरी काही दिवस मी ओव्हरटाइमच सांगत होतो. भाऊ २००१ मध्ये गेला, यकृताच्या आजारानं. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता.

अंधेरीहून मेट्रोत बसलं की पुढचंच स्टेशन आझादनगर. मांडीवर डबा घेऊन मी गेलो. गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आत स्टीलच्या उंच टाक्या, ओली फरशी, आणि वास मात्र दारूचा नव्हे, तर नाचणीचं सत्त्व शिजत असताना येतो तसा. मी तसं म्हटल्यावर पुतण्या खूश झाला. प्रकार तोच आहे म्हणे. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे आणि साधारण पासष्ट ते अडुसष्ट अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवायचं. मोडातली विकरं पिठुळाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून उकळायचं, त्यात हॉप घालायचं, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. पुढचं काम यीस्टचं.

हॉप हा यातला खरा मसाला. वेलीला येणारी हिरवी, पापुद्र्यापापुद्र्यांची बोंडं. वेल भांगेच्या कुळातली, हे ऐकून मी टाकीपासून थोडा लांब सरकलो. पण नशेशी तिचा संबंध नाही, काम फक्त कडूपणा, वास आणि टिकाऊपणा देण्याचं. आपल्याकडे हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात हॉप पिकतं. पुतण्याच्या कामाच्या जाती मात्र परदेशी, सिट्रा, मोझॅइक, गॅलेक्सी अशा नावांच्या, आणि त्या येतात गुरांच्या पेंडीसारख्या बारीक गोळ्यांच्या रूपात. त्यानं पाकीट फोडून नाकाखाली धरलं. मी डोळे मिटले आणि मला कोकणातली मे महिन्यातली पडवी दिसली. आंबा उतरवल्यावर देठातून चीक येतो ना, तो वास! त्यामागे पेरू, त्यामागे अननस. हा भास नव्हे. मायर्सीन नावाचं सुगंधी द्रव्य हॉपमध्येही असतं आणि आंब्यातही.

मग बिअर आंबट-गोड का होत नाही, कडूच का होते, असं मी विचारलं. त्यावर त्यानं दिलेलं उत्तर गृहिणींना चटकन कळेल. हॉप सुरुवातीला घालून तासभर उकळलं तर त्यातला कडूपणा पाण्यात उतरतो आणि वास उडून जातो. गॅस बंद केल्यावर किंवा बिअर आंबत असताना घातलं तर कडूपणा थोडाच उतरतो, वास मात्र सगळा राहतो. आमटी उकळताना कढीपत्ता आणि उतरवल्यावर कोथिंबीर, एवढाच हा फरक. हेझी बिअरमध्ये बहुतेक सगळं हॉप कोथिंबिरीसारखं शेवटी भुरभुरतात. सोबत ओट आणि गहू घालतात. त्यांतली प्रथिनं आणि हॉपमधली तुरट द्रव्यं एकमेकांना धरून तरंगत राहतात. तोच तो गढूळपणा, आणि जिभेला लागणारा मऊपणाही त्यातलाच.

इंडियाचं नाव मात्र या बिअरला लाभलं ते अगदी उलट गुणामुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसन नावाच्या माणसाची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच लागत आणि जहाजांचे कप्तान त्याच्याकडून पिंपं उचलून कलकत्ता, मद्रास, मुंबईला विकत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला चार-सहा महिने. भरपूर हॉप घातलेली बिअर त्या हेलकाव्यांत आणि उष्म्यात टिके, उलट मुरून अधिक चांगली लागे. १८२२ पासून बर्टन गावच्या ऑलसॉपनं त्याच्यावर मात करायला सुरुवात केली. ही फिकी बिअर पीत साहेबलोक, अधिकारी आणि व्यापारी. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला काळी पोर्टर येई. देवळालीत ताप चढलेल्या शिपायानं पेल एल क्वचितच चाखली असेल.

तीच बिअर अमेरिकेत जाऊन बदलली. कॅलिफोर्नियात विनी सिलुर्झो यानं १९९४ मध्ये हॉप दुप्पट करून पाहिलं, ती डबल. व्हरमाँट राज्यातल्या वॉटरबरी या लहानशा गावात जॉन किमिक यानं गढूळ डबल आय.पी.ए. केली, तिचं नाव ‘हेडी टॉपर’. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात त्याची पिण्याची जागा वाहून गेली, आणि त्याच आठवड्यात त्याच्या नव्या कारखान्यातून डबे भरून बाहेर पडू लागले. बायका-पोरांसकट लोक दूरदूरहून गाड्या काढून रांगा लावत. २०१८ मध्ये तिथल्या ब्रुअरांच्या संघटनेनं गढूळ बिअर हा स्वतंत्र प्रकार म्हणून मान्य केला. पण एक खोट राहिली. सहा महिने समुद्रावर टिकणाऱ्या बिअरची ही नात कमालीची नाजूक. हवा लागली की काळवंडते, उष्म्यात ठेवली की आंब्याचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा येतो. थंड ठेवून काही आठवड्यांत संपवायची. इंग्लंडहून मुंबईला येणारी बिअर होती ती. आता अंधेरीहून कल्याणला न्यायची तर बर्फ लागतो.

आता चव. पुतण्यानं आधी ग्लास धुतले, तेही निव्वळ थंड पाण्यानं. साबणाचा अंश किंवा तेलाचा ओघळ राहिला की फेस बसतो. ग्लासच्या बाजूला बुडबुडे चिकटलेले दिसले तर समजावं, भांडी नीट विसळलेली नाहीत. ग्लास ट्यूलिपच्या फुलासारखा, पोटात रुंद आणि तोंडाशी आत वळलेला, म्हणजे वास पळत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून बर्फाळ केलेला ग्लास या बिअरला चालत नाही, कारण गारठ्यानं जीभ बधिर होते आणि वासही वर येत नाही. सात ते दहा अंश पुरे. घरच्या फ्रिजमधून काढल्यावर हिवाळ्यात दहा-पंधरा मिनिटं आणि आपल्या ऑक्टोबरात पाच मिनिटं थांबलं की तेवढं होतं. ग्लास तिरका धरून ओतायचं, अर्धा झाल्यावर सरळ करायचा, वर दोन बोटं फेस. गंमत अशी की व्हरमाँटच्या त्या डब्यावर छापलेलं असतं, डब्यातूनच प्या! पुतण्याला हे मुळीच मान्य नाही. ‘‘वास घ्यायचाच नसेल तर एवढं हॉप कशाला घालायचं?’’

माझ्यापुढे आला तो ग्लास पाहून माझ्या तोंडून निघालं, ‘‘अरे, ही नासलीय.’’ खरंच तसं वाटतं. आमच्या पिढीची बिअर सोनेरी आणि पारदर्शक. ही म्हणजे संत्र्याच्या रसात चमचाभर दूध टाकावं तशी. त्यानं मला प्यायला दिली नाही, आधी नाक घालायला सांगितलं. एकदा लांबून, एकदा जवळून, मग ग्लास गोल फिरवून. तिसऱ्या वेळी पेरूची जागा पिकल्या फणसानं घेतली होती.

‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘बाबा नाक दाबून प्यायचे. आठवतं तुम्हाला?’’

आठवतं. देशीचा वास सहन होत नाही म्हणून डाव्या हाताच्या चिमटीत नाक, उजव्या हातानं ग्लास एका दमात, आणि लगेच जिभेवर मीठ. नऊ वर्षांच्या मुलानं ते किती वेळा पाहिलं असेल, ते मी विचारलं नाही.

पहिला घोट तोंडात घोळवायचा. आधी फळांचा गोडवा, मग साय असावी तसा मऊपणा, आणि गिळल्यावर दोन-तीन सेकंदांनी घशाच्या मागे कडूपणा, कडुनिंबाचा नव्हे, संत्र्याच्या सालीचा. पाडव्याला कडुनिंब आणि एरवी कारलं, मेथी खाणाऱ्या आपल्या माणसांना तो जड जाऊ नये. आणि त्या कडूपणाच्याही मागे छातीत हळूच ऊब येते. ही ऊब म्हणजे इशारा. तो ओळखायला मात्र घोट लहान असावा लागतो. आंब्याचा रस समजून गटागटा पिणाऱ्याला तो कळतच नाही.

ग्लास होता अडीचशे मिलिलिटरचा. मी म्हटलं, ‘‘एवढुसा का?’’ त्यानं बिलाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. ही बिअर साडेसात टक्के अल्कोहोलची. अडीचशे मिलिलिटरमध्ये शुद्ध अल्कोहोल १८.७५ मिलिलिटर. व्हिस्कीचा तीस मिलिलिटरचा पेग ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे जेमतेम तेरा. हा एक लहान ग्लास म्हणजे दीड पेग झाला. लोक ज्या अर्ध्या लिटरच्या मगातून बिअर पितात, तो भरला तर तीन पेग. मग त्याच पेन्सिलीनं त्यानं खाली आणखी एक ओळ लिहिली. देशी दारूची १८० मिलिलिटरची क्वार्टर, ४२.८ टक्के, अल्कोहोल ७७ मिलिलिटर. म्हणजे या बिअरचा एक लिटर. दोन मग.

‘‘बाबांची रोजची एक क्वार्टर असायची,’’ तो म्हणाला. ‘‘इथे मुलं-मुली दोन मग प्यायल्यावर विचारतात, काय मस्त ज्यूससारखी आहे, आणखी एक मिळेल का?’’

त्याचं आणि मालकांचं भांडण यावरूनच झालेलं. मग ठेवला तर गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. लहान ग्लास ठेवला तर महाग वाटतं. पुतण्यानं हट्ट धरला, की ही बिअर अडीचशेच्या वर द्यायची नाही, एकावर एक फुकटच्या योजनेत घालायची नाही, तिसरा ग्लास मागणाऱ्याला दुसरी सौम्य बिअर सुचवायची, आणि फळ्यावर टक्केवारी नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायची. मालक माणूस वाईट नाही. त्यानं मार्चपर्यंत मुदत दिली. खप पडला तर मग येणार. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे, पिणाऱ्याकडे परवाना हवा असं तो म्हणतो. पण परवान्यावर ग्लास केवढा असावा ते लिहिलेलं नसतं.

डबा उघडला. इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडला, हे कबूल करतो. घोटाआधी आणि घोटानंतर एकेक घास, मध्ये पाणी आणि चार कुरमुरे. कोथिंबीर वडी पहिल्याच घासाला उत्तीर्ण झाली. धन्यात जे सुगंधी द्रव्य असतं ते हॉपमध्येही असतं म्हणे, दोघांची जुनी ओळख निघाली. बोंबलांचं तेल फेसानं आणि कडूपणानं असं धुऊन नेलं, की प्रत्येक तुकडा पहिला वाटावा. मात्र ओठाचं तेल ग्लासला लागलं की फेस बसतो, तेव्हा आधी ओठ पुसायचे. कोळंबी ठीक. सोलकढीनं घोटाळा केला, आमसुलाचा आंबटपणा आणि हॉपचा कडूपणा एकमेकांना भिडले आणि तोंडात तांब्याची चव आली. ती जेवणाला ठेवावी.

ठेच्याच्या बाबतीत माझा अंदाज साफ चुकला. मला वाटलं होतं, तिखटावर गार बिअर म्हणजे उतारा. कसला उतारा! अल्कोहोलनं आणि फेसानं मिरची पेटली, कानातून धूर निघायचा बाकी राहिला. तिखटावर बिअर प्यायची आणि बिअरमुळे तिखट वाढलं म्हणून आणखी प्यायची, हे चक्र बारवाल्यांना चांगलं माहीत असतं. टेबलावरच्या मसाला शेंगदाण्याचं कोडं मला साठ वर्षं उलटल्यावर सुटलं.

सगळ्यात जमलं ते थालीपीठ. भाजणीचा खमंगपणा, वर वितळणारं लोणी. लोण्यानं कडूपणाला कुशीत घेतलं आणि मागे नुसतं फळ उरलं. आम्ही दोघं काही बोललो नाही. शेवटी गाजर हलवा. गोडाबरोबर बिअर ही कल्पनाच मला पटत नव्हती. पण परदेशात या बिअरबरोबर गाजराचा केक देतात, आणि आपला हलवा त्याहून सरस पडावा, कारण खव्याचं वजन तिला पेलवतं. आमरस मात्र कुणी ठेवू नये. जिच्या अंगाला आंब्याचा वास आहे तिच्यासमोर खरा हापूस आणून ठेवला, तर ती बिचारी नुसती कडू उरेल.

एवढ्यात पाऊण ग्लास संपला होता. उरलेला पाव ग्लास संपवायला मी अर्धा तास घेतला, आणि तो जसजसा कोमट होत गेला तसतसे त्यातून नवे वास निघत गेले. आयुष्यात एवढ्या सावकाश मी फक्त देवळातलं तीर्थ घेतलं असेन. आणि हो, ग्लास मोजून एकच.

निघताना पुतण्यानं रिकाम्या डब्याच्या पिशवीत आणखी एक जड पिशवी घातली. गोड पाणी गाळून घेतल्यावर उरलेला सातूचा चोथा. दर खेपेला पिंपं भरून निघतो, तबेलेवाले घेऊन जातात. ओला असतो, आपल्या हवेत संध्याकाळपर्यंत आंबतो, म्हणून आजच वाळवायला सांग, असं तो म्हणाला. ‘‘यात दारू नाही काका, दारू होण्याआधीच हा बाजूला काढतात. आईला सांगा.’’

घरी वहिनी दारातच होत्या. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी उभ्या असायच्या त्याच जागी, तशाच. त्यांनी आधी डबा घेतला, ताळं उघडून बघितली. ठेचा उरला होता. मग विचारलं, ‘‘किती घेतलीत?’’

‘‘अडीचशे मिलिलिटर,’’ मी म्हटलं. ‘‘एक ग्लास, दीड पेगाएवढा. दीड तास लागला. मेट्रोनं आलो.’’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी बिलाचा तो कागद खिशातून काढून त्यांना दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, शेवटची ओळ बहुधा दोनदा. घडी करून देवघराच्या फळीवर ठेवला, जिथे विजेची बिलं असतात तिथे.

चोथ्याची पिशवी त्यांनी उघडली नाही, तशीच गच्चीवर नेली. थोड्या वेळानं मी वर गेलो तर जुन्या धोतरावर सातू पसरलेला होता आणि त्या मूठभर उचलून नाकाशी धरत होत्या. कावळे हाकलायला मी बसलो. दोन दिवसांत तो खडखडीत वाळला, कोपऱ्यावरच्या गिरणीत दळून आला आणि गुरुवारी सकाळी भाजणीत मिसळून त्याचं थालीपीठ झालं. पुतण्याला दुपारची पाळी होती, तोही जेवायला होता. वहिनींनी एक तुकडा मोडून खाल्ला, बराच वेळ चावला.

‘‘कोंडा फार आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चार वाट्या भाजणीला एक वाटीच घालायला हवा. आणि पुढच्या सोमवारी पिशवी नको, ती गळते. स्टीलचा मोठा डबा घेऊन जा, भाऊजी.’’